जावईबापूंच्या जेवणाचा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. पांढरा, चिनी मातीचा, काठावर निळी रेघ असलेला आणि कान तुटलेला. तुम्ही म्हणाल, असलं तुटकंफुटकं अजून घरात ठेवलंय कशाला? पण मला अजून काम आहे बरं का. खिडकीजवळच्या जाळीच्या पिंजऱ्यात, ओल्या पानांच्या मधोमध, मी तारेने टांगलेला असतो आणि माझ्यात जावईबापू जेवतात.

जावईबापू म्हणजे रंग बदलणारा सरडा. दुकानदार त्याला शॅमेलियन म्हणाला होता. पण घरी आल्या आल्या त्याने जेवणाकडे असं तोंड फिरवलं, की आजी म्हणाली, "घ्या! जावईबापू रुसले!" तेव्हापासून तेच नाव पडलं.

माझी गोष्ट मात्र त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. माझ्या जन्माचं मला तुटक तुटकच आठवतं. चाकावर गरगर फिरणं, कुंचल्याचा ओला स्पर्श, मग भट्टीची धग. आम्ही सहा भावंडं या घरी आलो. पाच जण धुता-पुसताना एकेक करून गेले आणि मी आजोबांचा झालो.

आजोबा चित्रांच्या चौकटी बनवायचे. खालच्या मजल्यावर त्यांचा कारखाना होता. तिथे उन्हात लाकडाचा भुसा तरंगायचा आणि सरसाचा वास यायचा. आजोबा मला दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटायचे आणि पहिला घोट घ्यायचे. "चहा गोड नसेल तर गरम पाणी काय वाईट?" असं म्हणायचे. त्या तळव्यांची ऊब मला आजही कधीकधी दुपारी जाणवते. मग पान हलतं, थेंब पडतो आणि मी भानावर येतो.

पुढे आजोबांना मधुमेह निघाला. साखर बंद! आजोबांची सून, म्हणजे त्यांच्या छोट्या नातीची आई, दवाखान्यात परिचारिका. तिने सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "कोणीही लाड करायचे नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्याच दिवशी चहा ओतताना आजीने इकडेतिकडे बघून अर्धा चमचा साखर माझ्यात टाकली. "एवढ्याशाने काय होतंय!" असं ती पुटपुटली. मला खाली नेताना नातीच्या बाबांनी जिन्याशी थांबून खिशातली साखरेची पुडी माझ्यात सोडली. दुपारच्या चहाला खुद्द आई! आजोबांचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. प्रत्येकाला वाटायचं, लाड करणारे आपण एकटेच. आजोबा मिशीत हसायचे आणि तळाची न विरघळलेली साखर बोटाने चाटायचे.

मित्रांनो, सगळा हिशेब फक्त मला ठाऊक होता. पण कपाला कान असतो, तोंड असतं, वाचा कुठे असते? आजोबांच्या पायाची जखम भरेना. आधी कारखाना सुटला, मग खुर्चीत बसणंही सुटलं, मग आजोबाच गेले. त्यानंतर एके दिवशी आजी मला एकटीच धूत होती. मी तिच्या हातून निसटलो आणि माझा कान गेला. मला टाकून देणं तिच्या जिवावर आलं. तिने माझ्यात बटणं ठेवली आणि मला फळीवर सरकवलं. तिथे बरीच वर्षं मी धूळ खात पडून होतो.

मग नात मोठी झाली. तिला सगळे चिंगी म्हणतात. तिने हट्ट करून हा सरडा आणला. बाबांनी चौकटींच्या उरलेल्या पट्ट्यांचा आणि जाळीचा पिंजरा केला. आत कुंडीतलं झाड ठेवलं. जेवणाला असं भांडं हवं होतं, की किडे चढून पळणार नाहीत. माझ्या आतल्या गुळगुळीत अंगावर भल्याभल्या किड्यांचे पाय घसरतात. माझं नशीबच उघडलं म्हणायचं!

काय सांगू ते दिवस! सकाळी चिंगी पिचकारीने पानांवर पाणी उडवायची आणि सगळीकडे धुकं व्हायचं. त्या धुक्यात जावईबापू फांदीवर पुढेमागे डुलत, एक एक पाऊल विचार करून टाकत यायचे. एक डोळा माझ्याकडे, दुसरा खिडकीबाहेरच्या ढगाकडे. उन्हात ते हिरवेगार व्हायचे आणि झोपले की फिकट, जवळजवळ चांदण्याच्या रंगाचे. त्यांच्याकडे बघता बघता आपण कप आहोत हेही मी विसरायचो.

पण जेवणाच्या बाबतीत महाशय भारी चोखंदळ. रातकिडे दिले, नाक मुरडलं. दुकानात वाढवलेली झुरळं दिली, पाठ फिरवली. आवडायच्या त्या फक्त मेणअळ्या. या अळ्या मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाऊन गुबगुबीत होतात. सरड्याला त्या म्हणजे निव्वळ मिठाई. चिंगीने सर्वांना सांगितलं, "मेणअळी आठवड्यातून एकच. बाकीचं खाल्ल्याशिवाय द्यायची नाही हं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा माना मी आधीही डोलताना पाहिल्या होत्या.

आजी देवाघरी गेलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणायची, "खा रे बाबा, उपाशी नको राहूस." आणि एक अळी टाकायची. बाबा कामावर जाताना एक टाकायचे. आई कामावरून आली की एक. आणि नियम करणारी चिंगी शाळेत निघताना एक. प्रत्येकजण म्हणायचा, "एवढ्याशाने काय होतंय!"

जावईबापू अंगाने सुटले. मग हळूहळू त्यांचे पाय वाकडे पडू लागले. फांदीवरची पकड सुटायची. एके दिवशी त्यांनी जीभ फेकली आणि ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही, मधेच लोंबत राहिली. चिंगी रडकुंडीला आली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हाडं कच्ची झालीत. असंच चाललं तर हा वाचायचा नाही. औषध देतो, पण खरं औषध म्हणजे खाणं. रातकिडे, नाकतोडे, झुरळं, रेशमाच्या अळ्या, सगळं आलटून पालटून द्या. किड्यांना आधी गाजर आणि पालेभाजी खाऊ घाला. किडाच उपाशी असेल तर सरड्याला त्यातून काय मिळणार? वर कॅल्शियमची पूड भुरभुरा. आणि मेणअळ्या बंद."

घरी सगळं तसंच सुरू झालं. जावईबापूंनी मात्र उपास धरला. माझ्यात पूड लावलेले रातकिडे फिरत राहायचे आणि ते एका डोळ्यानेही बघायचे नाहीत.

मग एका सुट्टीच्या दुपारी, घर सामसूम असताना, आजी पाय न वाजवता पिंजऱ्याशी आली. तिची मूठ मिटलेली होती. तेवढ्यात जिन्यावरून बाबा आले. त्यांचीही मूठ मिटलेली. मागून आई आली. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. शेवटी दारातून चिंगी म्हणाली, "मुठीत काय आहे?"

"तुझ्या मुठीत काय आहे ते सांग आधी," आजी म्हणाली.

चार मुठी माझ्यावर उघडल्या. प्रत्येकीत एक मेणअळी होती.

आधी बाबांना हसू फुटलं. मग आजीने मला, माझ्या तुटक्या कानाच्या जागी, बोट लावलं आणि सगळ्यांचं हसू थांबलं.

"यांच्या चहात मी रोज चोरून साखर घालायचे," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "मी पण, आई."

"मीसुद्धा," चिंगीची आई म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. "माहीत असूनही."

चिंगी अगदी हळू म्हणाली, "मी माझी लिमलेटची गोळी टाकायचे." तेही मला ठाऊक होतं. आजीने तिला कुशीत घेतलं. "तू एवढीशी होतीस गं. तुझा काय दोष?"

त्या दिवसापासून चोरून लाड बंद झाले. कोणी काय दिलं, ते जेवताना सगळ्यांसमोर बोललं जाऊ लागलं. जावईबापू अडून बसले, पण या वेळी कोणी वितळलं नाही. रातकिडा देऊन झाला, झुरळ देऊन झालं, रेशमाची अळीही देऊन झाली. एका सकाळी, धुकं अजून पानांवर असताना, चिंगीने एक हिरवा नाकतोडा सोडला. तो उडी मारून माझ्या काठावर, निळ्या रेघेवर बसला. जावईबापूंचे दोन्ही डोळे एकदम त्याच्याकडे वळले. घरातलं कोणी हललं नाही. टक्! जीभ माझ्या अंगावर आपटली आणि नाकतोडा गायब! आजीने दोन्ही हात जोडले.

मित्रांनो, लाड करावेत, जरूर करावेत. पण ज्याच्यावर माया आहे, त्याच्यासाठी घरातल्यांनी एकमेकांशी बोलावं. चमचा अर्धाच असतो, पण हात किती असतात ते माझ्यासारख्या मुक्या भांड्यालाच कळतं.

आता आजीलाही मधुमेह निघालाय. तिचा चहा नव्या कपात येतो. साखरेचा डबा सगळ्यांसमोर टेबलाच्या मधोमध असतो आणि कोणीही त्याला हात लावत नाही. पहिला घोट घेऊन आजी तोंड वाकडं करते, माझ्याकडे बघते आणि सगळा चहा पिऊन टाकते.