रोजचाच तीन मे

तारखेच्या चौकटीशेजारचा बाण तिळाएवढा. त्यावर एक टिचकी, एक वर्ष मागे. दोन, तीन, चार... आता नऊ टिचक्या लागतात, गेल्या वर्षी आठात भागायचं, पुढच्या वर्षी दहा लागतील, आणि मग महिना, मग दिवस — तीन मे. रोजचाच तीन मे. इस्पितळात पोचल्यावर पर्स खुंटीला अडकवायच्याही आधी ती हे करायची, कारण कंप्युटर रोज सकाळी आपणहून खऱ्या तारखेवर आलेला असे, आणि कारण कान तपासायच्या त्या प्रोग्रामच्या पोटातच मुदत घातलेली होती आणि ती नऊ वर्षांपूर्वीच्या तीस जूनला संपली होती. बनवणाऱ्या कंपनीनं तोवर गाशा गुंडाळला, फोन कुणी उचलेना, नव्या मशीनचा अर्ज वरच्या मजल्यावर धूळ खात पडला. शेवटी कंप्युटरवाल्यानं डोकं खाजवलं, मनाला येईल ती जुनी तारीख टाकली, आणि बेटं सुरू झालं! मुकाट्यानं. जगाचं काय वाट्टेल ते होवो, याच्या लेखी अजून मेच चाललाय.

फक्त प्रत्येक तपासणीवर तीन मे छापून येई. म्हणून ती कागदावर लाल पेनानं खरी तारीख लिहायची, आणि जुन्या-नव्याची तुलना करायची ती कागदाशी कागद लावून. स्क्रीनवर कधीच नाही. नवीन येणाऱ्या मुलींना ती हे दम देऊन सांगायची — याच्या तारखांवर विसंबलात तर मेलात.

अकराला ताई येणार होती. सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी, शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणारी. तिसरी तपासणी. ताईची फाइल उघडली तर दोन्ही आलेख एकावर एक — करडी रेघ ‘आधीची’, काळी ‘नंतरची’, आणि काळी चांगली वर, म्हणजे जास्त ऐकू येतंय. हाच तो आलेख. सहा महिन्यांपूर्वी तिनं ताईला इथेच दाखवला होता, खांद्याला धरून, “अगं ताई, डावा कान सुधारलाय की!” म्हणत... आणि ताई हसली होती, आणि चहा आणायला पळालो होतो आपण दोघी, आणि कागद तसाच...

रेघेखाली बारीक अक्षरात वेळ होती. करडी, दहा वाजून दहा. काळी, चार चाळीस.

पहिल्या वेळी ताई शाळा सुटल्यावर आली होती. हातात खडूची पांढरी धूळ, ती पुसायला तिनं माझा रुमाल घेतला होता. म्हणजे चार चाळीस ती पहिली. दुसऱ्या वेळी सुट्टी काढून सकाळीच... तारीख दोन्हींची तीन मे. मग त्या मठ्ठ प्रोग्रामनं काय करावं? सकाळची आधी, दुपारची नंतर. सरळ हिशेब! म्हणजे वरची रेघ आधीची होती. म्हणजे कान सुधारला नव्हता, घसरला होता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं, “सुधारला तर गोळ्या थांबवा. पण घसरला तर त्याच आठवड्यात माझ्याकडे आणा, उरलेलं वाचवता येतं. गेलेलं मात्र परत येत नाही.” आणि गोळ्या थांबव म्हणून सांगितलं होतं कुणी? मी. परक्या माणसाचा कागद मी तीनदा ताडून बघते, आणि सख्ख्या बहिणीचा... आपलीच आहे, तिला काय लाल पेन लावायचं! सहा महिने. मागच्याच महिन्यात ताई फोनवर म्हणाली होती, “हल्लीची पोरं पुटपुटतात गं नुसती, मागच्या बाकावरचं काही कळतच नाही.” आणि मी हसले होते. मी! रोज लोकांचे कान तपासते आणि मी हसले.

“ए बारके, किती वाजता बोलावलंस आणि कुठे तंद्री लागलीय?”

ताई दारात उभी. साडीचा पदर खोचलेला, चेहऱ्यावर घाईचं हसू. तिनं ताईला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. दर वेळी सांगायचं तेच सांगितलं, आवाज आला की दाब. उजवा कान छान निघाला. मग डावा, आवाज पायरीपायरीनं वाढवत. तीस डेसिबल. ताई समोर बघत बसलेली. चाळीस. पन्नास... मागच्या खेपेला पन्नासला दाबलं होतं तिनं. दाब ना गं. पंचावन्न. दाब, ताई, पाया पडते तुझ्या. साठ.

ताई काचेतून तिच्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, “वाजवतेयस की नुसतीच बसलीयस?”

पासष्टला तिनं बटण दाबलं.

अकरा वाजून वीस मिनिटं. प्रोग्रामनं हा नवा आलेख इमानेइतबारे दहा दहा आणि चार चाळीसच्या मधोमध बसवला. रेघा आता अशा गुंतल्या की कुणी कितीही डोकं आपटलं तरी आधी कुठली नि मग कुठली ते कळू नये. ताईच्या एकाही कागदावर लाल तारीख पडलीच नव्हती. आजच घसरलाय असं म्हटलं तर? डॉक्टरीणबाई मान हलवतील, ताई उसासा टाकेल. संपलं. या मशीनच्या लेखी हे सगळं एकाच दिवशी झालेलं... मनात हे आलं, आणि येऊन बसलंच, आणि त्याची तिला लाज वाटली.

“तोंड का पाडलंयस गं?” ताई बाहेर येऊन टेकली. “सुधारलाय ना अजून?”

हिला सांगितलं की ही रागावेल, बोलणं टाकेल... कुठली रागावतेय! रागावली असती तर सोपं होतं. लहानपणी शाई मी सांडली, मार हिनं खाल्ला. परीक्षेचा अर्ज भरायला मी विसरले, आईपुढे खाली मान घालून ही उभी राहिली, “मीच आठवण केली नाही” म्हणून. आताही ऐकून घेईल आणि म्हणेल, “असू दे, मलाच कळायला हवं होतं.” वर माझ्याच पाठीवरून हात फिरवेल. कान तिचा गेला आणि समजूत माझी काढेल! आणि मी काढू देईन. आजवर काढूच देत आलेय.

“बोल की गं.”

तिनं खुर्ची ओढली, ताईच्या उजव्या अंगाला जाऊन बसली. चूक सांगायची होतीच, ती आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. पण त्याच्याही आधी तिला ताईला एक विनवायचं होतं — ही एक चूक तरी माझ्याकडेच राहू दे, ताई, ही तू घेऊ नकोस — आणि एवढं साधं वाक्य कुठून सुरू करायचं हेच तिला कळत नव्हतं.