दुसरा वाचक

आमच्या कामात एकट्या माणसाच्या शब्दाला किंमत नसते. कुरकुर म्हणून सांगत नाही, नियमच आहे तसा. एखाद्या विषयावर जगात जेवढं संशोधन झालंय तेवढं शोधून काढायचं, कामाचं ठेवायचं, बाकीचं सोडायचं. पण काय ठेवायचं नि काय सोडायचं हे दोघांनी ठरवायचं, आणि तेही एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर दोघांनी बोलून एकमत करायचं. एकट्या माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून दुसरा वाचक लागतो.

माझ्याकडे तो नव्हता.

माझा पीएचडीचा विषय वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांची झोप. त्यापायी माझ्या स्वतःच्या झोपेचं खोबरं झालं होतं, ते असो. लेख शोधण्यापर्यंतचं काम मी एकटीने रेटलं. विद्यापीठातल्या ग्रंथपाल बाईंनी आधीच कानउघाडणी केली होती. म्हणाल्या, "नुसतं 'झोप' टाकून शोधू नकोस. लोक एकाच गोष्टीला दहा नावं देतात. तुझ्या डोक्यात जे नाव आहे तेच लिहिणाऱ्याच्याही डोक्यात असेल कशावरून?" मग मी झोपेची सगळी नावं टाकली, विद्यार्थ्यांची टाकली, वसतिगृहाची टाकली, आणि तिन्ही गटांतलं एकेक तरी नाव ज्यात असेल तेच लेख मागितले. डेटाबेसने अक्षरशः ओतले. एकच लेख चार ठिकाणांहून आलेला, ते जास्तीचे काढले तरी ढीग काही हलेना. आता प्रत्येकाचा गोषवारा वाचायचा आणि समोर लिहायचं, 'घ्या' किंवा 'सोडा'.

"दुसरा वाचक आण," माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या. "त्याशिवाय हे प्रकरण मी समितीपुढे ठेवणार नाही. आणि या सत्रात ठेवलं नाही तर तुझी मुदतवाढ विसर."

विभागात विचारलं. एकाचं स्वतःचंच काम गळ्याशी आलं होतं. दुसरी "बघते" म्हणाली, आणि "बघते" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. माझी खोलीतली मैत्रीण नोकरी लागून गेली होती, तिच्या पलंगावर मी आता कागद पसरत असे. या शहरात मला ओळखणारं कोण, तर मॅडम, ग्रंथपाल बाई आणि घरमालकीण. घरमालकीण मला "वरची" म्हणते. चार वर्षं झाली, अजून "वरची"च.

शेवटी बाबांना विचारलं. बाबा गणिताचे शिक्षक, निवृत्त झालेले, आणि आई गेल्यापासून घरी एकटे. आई होती तेव्हा फोनवर तीच बोलायची, बाबा मागून "तिला सांग, तब्येतीला जप" एवढंच म्हणायचे. ती गेली आणि फोन आमच्या दोघांच्या हातात आला. दोघांनाही तो धरता येईना. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो. ठेवू मग?" रोजचा संवाद हा. भांडण नव्हतं, राग नव्हता, बोलायला विषयच नव्हता.

"मला तुझ्या विषयातलं काय कळतं?" बाबा म्हणाले.

"कळायची गरज नाही. निकष लिहून देते. त्यात बसतं का एवढंच बघायचं."

"म्हणजे पेपर तपासायचे. मग ते येतं मला."

येत होतंच. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून माझा, स्वतःच्या मुलीचा, अर्धा मार्क कापलेला माणूस आहे तो. सरावासाठी पहिला गठ्ठा पाठवला तर जवळजवळ सगळं जुळलं. मी खूश होऊन फोन केला. मोजकेच लेख वेगळे होते, त्यांच्यावर बोलायचं होतं. त्यातल्या एका लेखात घरून ये-जा करणारी मुलंही होती, तो घ्यावा की सोडावा यावर आम्ही चक्क भांडलो. बाबा म्हणाले, घरी झोपणाऱ्या पोराला आई दिवा बंद करायला लावते, वसतिगृहात कोण लावतं? मग त्यांनी स्वतःच्या वसतिगृहातली गोष्ट काढली. आठजणांत एक कंदील होता आणि तो कुणाच्या उशाशी ठेवायचा यावरून मारामारी व्हायची. बाबा कधी वसतिगृहात राहिले होते हेच मला माहीत नव्हतं. फोन ठेवला तेव्हा माझा कान तापला होता. फार बरं वाटत होतं.

मग दर रविवारी तसंच ठरलं. आठवडाभर आपापल्या जागी वाचायचं, त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, रविवारी दोघांच्या याद्या शेजारी ठेवायच्या आणि जे जुळलं नाही त्यावर बोलायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात मतभेद वाढले, तिसऱ्यात आणखी. मला खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. पण रविवार आला की मी सकाळीच खोली आवरत असे, फोनवर कोणी खोली बघणार असल्यासारखी. बाबा हिरिरीने वाद घालायचे. वाद घालता घालता आईवर यायचे, शाळेवर यायचे, एकदा तर त्यांना न मिळालेल्या नोकरीवर आले. शेवटी "बरं बाई, तुझं खरं" म्हणून माघार घ्यायचे. प्रत्येक वेळी माघार तेच घ्यायचे, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

चौथ्या गठ्ठ्यानंतर मॅडमनी किती जुळलं त्याचे आकडे पाहिले.

"हे काय आहे? सुरुवातीला इतकं छान जुळतं आणि नंतर घसरतच जातं? लोक सरावाने सुधारतात, तुझा वाचक बिघडतोय. कोण आहे हा?"

"गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत," मी म्हणाले. नातं सांगितलं नाही.

"मग एक तर तुझे निकष गोंधळाचे आहेत, नाहीतर त्यांचं लक्ष नाही. काय ते शोधून काढ. असं काम समितीसमोर गेलं तर तुझ्याबरोबर माझीही शोभा होईल."

मी खोलीवर येऊन मतभेदांची यादी पहिल्यापासून उघडली. एकेक रविवार सुटा पाहिला तेव्हा जे दिसलं नव्हतं ते आता डोळ्यांत खुपायला लागलं. आजीआजोबांच्या झोपेवरचा लेख, 'घ्या'. खलाशांच्या झोपेवरचा, 'घ्या'. मी वसतिगृहासाठी 'निवास' हा शब्द टाकला होता, त्यामुळे जाळ्यात गोठेसुद्धा आले होते. वासरांना गवतावर बरी झोप लागते की भुशावर, असा एक लेख होता, नोंदी विद्यार्थ्यांनी घेतलेल्या. त्यापुढेही बाबांनी 'घ्या' लिहिलं होतं. त्या रविवारी या वासरांवर आम्ही किती हसलो होतो! वासरंही घरापासून लांबच ठेवलेली असतात, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि मी त्याला विनोद समजून सोडून दिलं होतं.

अर्धा मार्क कापणारा माणूस वासराला विद्यार्थी समजत नसतो.

माझं डोकं फिरलं. रविवारची वाट न बघता फोन लावला.

"बाबा, तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिताय."

त्यांनी काही म्हणायच्या आत मी पुढे सुरू झाले.

"माझं सगळं काम जाईल, कळतंय का तुम्हाला? मुदतवाढ जाईल. मॅडमनी मला फाडून खाल्लंय. तुम्हाला कंटाळा आला होता तर सरळ नाही म्हणायचं होतंत!"

"कंटाळा?" बाबा म्हणाले. "ठिणगे, मी सगळे लेख दोनदोनदा वाचतो. आधी खरं उत्तर काढतो. मग त्यातली थोडी बदलतो."

"पण का?"

"जुळलं की तू फोन ठेवतेस."

मला ठिणगी आई म्हणायची, असं तडतडते म्हणून. बाबांनी तोवर कधी म्हटलं नव्हतं. माझा राग जागच्या जागी बसला आणि त्याखालून जे वर आलं ते मला आवरेना. मी मैत्रिणीच्या पलंगावरचे कागद बाजूला सारून तिथेच बसले.

"ते नियमातच होतं ना," बाबा अपराध्यासारखे सांगत होते, "जुळलं नाही तर दोघांनी बोलायचं. मी म्हटलं, शेवटी एकमत तर होतंच आहे. तुझंच मी ऐकतो. कामाचं नुकसान होईल असं वाटलं नाही गं. ते आकडे कोणी बघत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"बघतात," मी म्हणाले.

"मग माझं सगळं काढून टाक."

"काढावंच लागेल. पहिला गठ्ठासुद्धा."

"काढ. मीही तेच केलं असतं. मुद्दाम केलेल्या चुकीला मार्क नाहीत."

मी मॅडमना दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी एम.ए.ची एक मुलगी देते तुला. पण आता चूक नको." समितीची तारीख अगदी तोंडावर आली होती. ती मुलगी चटपटीत निघाली. आमचं भराभर जुळत गेलं आणि जे जुळलं नाही ते आम्ही जिन्यावर उभ्याउभ्या मिटवलं. प्रकरण पुढे गेलं, मुदतवाढ मिळाली.

मुदतवाढीचं सांगायला बाबांना फोन केला.

"छान झालं," बाबा म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना. मग म्हणाले, "ठेवू मग?"

"मी रविवारी फोन करते," मी म्हणाले.

"आता कशाला? काम तर संपलं."

"कामाशिवाय करते."

"कामाशिवाय?" त्यांनी जरा विचार केला. मग वर्गावर जाण्याआधी विचारायचे तशा गंभीर आवाजात म्हणाले, "मग कशावर बोलायचं ते शनिवारपर्यंत कळव. म्हणजे मी वाचून तयार राहीन."