कोऱ्या पाटीनंतरची पाकिटं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी झडप आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन गावात, रांगेतल्या एका घराच्या पुढच्या दाराला लांबट फट आहे, तिच्यावर मी बसवलेली आहे. पोस्टमनने बोटांनी ढकललं की मी उघडते, पत्र आत पायपुसण्यावर पडतं आणि मी खट्कन मिटते. इथे बहुतेक घरांचं टपाल असंच आत येतं. काम साधंच, पण ते करताना एक धडधाकट माणूस भीतीने खंगत गेलेला मी पाहिला. त्याचीच हकिगत आज सांगते.

माझा जन्म एका छोट्या ओतशाळेत झाला. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीने कडा घासल्या आणि आतून वारा येऊ नये म्हणून मला ब्रशसारखे केस लावले. या घरात आधी एक एकटी बाई राहत होती. ती दर शनिवारी मला फडक्याने पुसायची. मी इतकी चकाकत असे, की पोस्टमन माझ्यात बघून आपली टोपी सारखी करायचा.

मग मोडक कुटुंब आलं. शैलेंद्र मोडक पुण्याहून इथल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून आला होता. त्याची बायको मालिनी. पहिल्या दिवाळीत दाराला तोरण बांधताना तिने माझ्यावरही हळदकुंकवाची दोन बोटं ओढली. तेवढ्या कौतुकाने मी फुलून गेले. मग त्यांना मुलगी झाली, संहिता. ती मराठी समजायची आणि डचमध्ये उत्तर द्यायची.

काही वर्षांनी शैलेंद्रने नोकरी सोडली आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींचं दुकान काढलं. सायकली खपल्या, पण एका खेपेतल्या बॅटऱ्या सदोष निघाल्या. गिऱ्हाइकं परत आली, पुरवठादाराने हात वर केले आणि दुकान बुडालं. २०१७ साली न्यायालयाने त्याला दिवाळखोरांसाठीच्या योजनेत घेतलं. तीन वर्षं काटकसरीत राहायचं, मिळेल ते काम करायचं, पोटापुरतं ठेवून बाकीचं देणेकऱ्यांना द्यायचं. ते नीट पार पडलं, की उरलेलं कर्ज कुणी वसूल करू शकत नाही.

या योजनेत सुरुवातीचे तेरा महिने घरचं टपाल आधी न्यायालयाने नेमलेल्या अधिकारी बाईंकडे जातं. तेरा महिने मी जवळजवळ उपाशी होते. माझी बिजागरी गंजली. दिवाळीलाही कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मार्च २०२० मध्ये न्यायालयाचं पाकीट माझ्यातून आत पडलं. शैलेंद्रने ते पायपुसण्यावर उभ्याउभ्याच फोडलं.

"मालू, मिळाली! स्खोने लेइ!"

या डच शब्दांचा अर्थ कोरी पाटी. जुनं सगळं पुसलं गेलं. मालिनी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडली. त्याच आठवड्यात महामारीमुळे शाळा, हॉटेलं बंद झाली आणि लोक एकमेकांपासून दीड मीटर लांब उभे राहू लागले. शैलेंद्रला घरून करायचं सॉफ्टवेअर तपासणीचं काम मिळालं होतं. मालिनी एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात होती, तिला रोज जावंच लागे.

सप्टेंबरात पहिलं पाकीट आलं. करड्या रंगाचं, पातळ, कोपऱ्यावर एका वसुली कंपनीचं नाव. शैलेंद्रने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. बॅटऱ्यांच्या पुरवठादाराचं जुनं बिल या कंपनीने विकत घेतलं होतं. तो पुटपुटला, "हे नाव यादीत घालायचं राहिलंच की!"

दाराशेजारच्या झाकण असलेल्या कोनाड्यात विजेचा मीटर आहे. त्याने पत्र मीटरमागे सरकवलं आणि मालिनीला काही सांगितलं नाही. देणेकऱ्यांच्या यादीतून एक नाव सुटलं म्हणजे आपण न्यायालयाशी खोटं बोललो, आता कोरी पाटी परत काढून घेतील, या भीतीने त्याला ग्रासलं होतं.

दुसरं पाकीट आलं, तिसरं आलं. मग आठवड्याला दोन येऊ लागली. त्याने ती फोडणंही सोडून दिलं. माझा आवाज झाला, की तो वरच्या खोलीतून धावत खाली यायचा, पाकीट उचलायचा आणि मीटरमागे कोंबायचा. त्याची पावलं इतकी घाईची असत, की मला उघडायचीच भीती वाटू लागली. पण मित्रांनो, झडपेला नाही म्हणता येत नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी वसुली कंपनीचा माणूस दारात आला. त्याने तीनदा घंटा वाजवली. शैलेंद्र जिन्यात थिजून उभा होता. मग हातमोजा घातलेली दोन बोटं माझ्याखाली शिरली आणि त्यांनी मला वर उचलून धरलं. माणूस वाकला. मास्कमागून शांत आवाज आला.

"मेनीर मोडक, तुम्ही घरात आहात. हल्ली सगळेच घरात असतात. कुठे जाणार?"

बोटांनी मला आणखी वर उचललं.

"तुमच्या बायकोची कामाची जागा आम्हाला माहीत आहे. तिच्या पगाराबद्दल तिथे विचारावं लागलं, तर बरं दिसेल का?"

बोटं निघून गेली. मी मिटले. आतल्या बाजूला शैलेंद्र जिन्याचा कठडा धरून हळूहळू खाली बसला. दुपारी मालिनी आली तेव्हा तो हसून म्हणाला, "आज कामच काम होतं." तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ती डबा घासायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाहेरून जाड चंदेरी चिकटपट्टी लावली. एकावर एक चार पट्ट्या. मालिनीला सांगितलं, "वारा येतो फार."

इतक्या वर्षांत माझ्याकडे दुर्लक्ष झालं होतं, पण माझं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. बाहेर पोस्टमन थबकायचा आणि पाकिटं उंबऱ्याजवळच्या कुंडीखाली ठेवून जायचा. शैलेंद्र ती मालिनी परतायच्या आत उचलायचा.

जानेवारीत संहिताचा नववा वाढदिवस होता. शाळा बंद, पाहुण्यांवर निर्बंध. वर्गातल्या मुलींनी ठरवलं, की सायकलवरून येऊन प्रत्येकीने दारातून कार्ड टाकायचं. त्या दिवशी पाऊस लागला होता. मला त्यांची बोटं लागत होती. त्या ढकलत होत्या आणि मी हलत नव्हते. शेवटी त्यांनी कार्डं उंबऱ्यावर ठेवली आणि त्या गेल्या.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा रंग विरघळून कागदाचा लगदा झाला होता. संहिताने एक कार्ड उचललं. त्यावरचं नावही वाचता येत नव्हतं.

"पापा, वारोम?" तिने विचारलं. म्हणजे, का? "ब्रीवेनबुस का बंद केलीस?" ब्रीवेनबुस म्हणजे टपालाची फट, म्हणजे मीच.

शैलेंद्र ओली कार्डं गोळा करू लागला. मालिनीने पहिल्यांदाच त्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि त्या मोजल्या.

पुढच्याच आठवड्यात, ती कामावरून येऊन कुलूप काढत असताना एक गृहस्थ फाटकाशी आले. ते न्यायालयाचे समन्स पोचवणारे अधिकारी होते. त्यांनी पाकीट लांबूनच, हात पूर्ण ताणून तिला दिलं.

"कसलं आहे हे?" मालिनीने विचारलं.

"तुमच्या पतींवर दावा आहे, मेव्हराउ. तीन आठवड्यांनी तारीख आहे."

"पण त्यांचं सगळं कर्ज न्यायालयानेच पुसलंय!"

"मग तेच न्यायालयाला सांगा. मी फक्त कागद देतो." ते दोन पावलं मागे सरकले आणि चिकटपट्टीकडे पाहून जरा हळू आवाजात म्हणाले, "एक मात्र करा. उत्तर द्याच. कुणी आलंच नाही, तर दावा खरा धरून निकाल लागतो. मग मला पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा मी कागद द्यायला आलेलो नसेन."

मालिनी आत आली. दाराजवळ काही लपवण्यासारखी एकच जागा होती; तिने सरळ मीटरचा कोनाडा उघडला. सव्वीस पाकिटं जमिनीवर घसरली. शैलेंद्र जिन्यात उभा होता.

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

"आणि मला म्हणालास वारा येतो!"

"यादीत नाव राहिलं गं माझ्याकडून. मला वाटलं पाटी काढून घेतील. पुन्हा तीन वर्षं… तुला पुन्हा ते सगळं…"

तिने पाकिटं गोळा केली. मग पायपुसण्यावर बसली आणि पहिलं पाकीट फोडलं. "बस इथे. तारखेप्रमाणे लावू." दोघं जेवणाची वेळ टळेपर्यंत तिथेच बसले होते.

मी दारातच असते, त्यामुळे मालिनीने गाठलेल्या वकीलबाई मला दिसल्या नाहीत. पण फोनवरचा आवाज ऐकला. त्या म्हणाल्या, "मुद्दाम लपवलं नसेल, तर यादीतून सुटलेलं देणंही कोऱ्या पाटीत येतं. वसुली करता येत नाही. पण हे तुम्ही तारखेच्या आत न्यायालयाला कळवायला हवं. तारीख चुकली, तर मला फारसं काही करता येणार नाही."

शैलेंद्रने फोन ठेवला आणि भिंतीला टेकला. तारखेला उरले होते सहा दिवस.

लेखी उत्तर वेळेत गेलं. मे महिन्यात निकालाचं पाकीट आलं. दावा फेटाळला होता. पट्ट्या तोवर निघालेल्या होत्या, पण माझ्यावर गोंदाचे काळे डाग राहिले, ते अजून आहेत.

इथे गोष्ट संपली असती, तर मलाही बरं वाटलं असतं. पण नोव्हेंबरात पुन्हा एक करडं पाकीट पडलं. कंपनी दुसरी, बिल तेच. कुणीतरी ते पुढे विकलं होतं. शैलेंद्र खाली आला. त्याने पाकीट उचललं. तो मीटरच्या कोनाड्याकडे वळला, थांबला, आणि मोठ्याने म्हणाला,

"मालू, आलंय एक. खाली ये जरा."

ती आली. दोघांनी मिळून ते वाचलं.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, माझी बिजागरी कुरकुरली तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी पाकीट न फोडता लपवत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "दे, आपण दोघं वाचू." कारण पत्रं येतच राहतात. उद्या दुपारी पोस्टमन येईल, मला ढकलेल आणि मी उघडेन. आत काय पडणार आहे, हे मला कधीच आधी कळत नाही.