निनावी कप्पा

दोन हजार चौदा साली, ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी, इस्पितळाच्या भांडारातल्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसली आणि त्याच दुपारी पस्तीस जीबीची तूट निघाली.

तूट काढली मोजणीबाईंनी. सव्वीस वर्षं भांडार सांभाळून हे नाव त्यांना चिकटलं होतं. कापसाचा गठ्ठा त्या आधी हाताने तोलत, मग काट्यावर ठेवत, आणि काट्यावरही फारसा भरवसा ठेवत नसत.

"खोक्यावर पाचशे लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पडद्यावर चारशे पासष्ट दिसतात. बाकीचे कुठे गेले?"

मेकॅनिक खाली बसून झाकणाचे स्क्रू पिळत होता. इस्पितळातल्या सगळ्या संगणकांचं कंत्राट त्याच्याकडे होतं. कुठलंही यंत्र उघडलं की तो आधी फुंकर मारायचा, म्हणून सगळे त्याला फुंकरराव म्हणत.

"कुठे जातील, ताई? कंपनी हजाराने मोजते, मशीन एक हजार चोवीसने. माल तेवढाच."

"आमच्याकडे डझनात बाराच असतात रे."

"तुमची मापं प्रामाणिक. ह्या धंद्यात तसं नाही."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. संगणकाच्या प्रशिक्षणात शिकवलेला डिस्कचा तक्ता त्यांनी पडद्यावर उघडून ठेवला होता. एक लांबट पट्टी आणि तिचे तीन तुकडे. एकावर सी, एकावर डी, आणि अगदी डावीकडे एक चिमुकला, ज्याला ना अक्षर, ना नाव.

"आणि हे काय?"

"ते बूटचं पार्टिशन. असं बघा, डिस्कच्या सुरुवातीला एक टेबल असतं, म्हणजे यादीच. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, ते त्यात लिहिलेलं. बटण दाबलं की मशीनला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. ते यादी वाचतं, ह्या छोट्या भागात जातं, आणि पुढची वाट त्याला तिथे कळते. आहे शंभर एमबीचंच, पण त्याच्याशिवाय मशीन उठायचं नाही."

"मग उघडून दाखव."

"असं नाही उघडत ते. कुणी हात लावू नये म्हणून तर त्याला अक्षर देत नाहीत."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा भांडारातल्या एका कपाटाला मागून खोटी फळी होती. आधीच्या भांडारपालाने तिच्यामागे गुंगीच्या औषधाच्या बाटल्या दडवल्या होत्या. फळी सापडेपर्यंत तो निवृत्त होऊन गेला होता, आणि चौकशी बसली बाईंवर. आठ महिने चालली. त्या निर्दोष सुटल्या, पण तोवर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी कोणी बसेनासं झालं होतं. तेव्हापासून कुणी 'हात लावू नका' म्हटलं की त्या आधी तिथेच बघायच्या.

"त्याने आत काहीतरी ठेवलंय," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू आरशातल्या बाईलाही ओळखपत्र मागशील," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"हसा तुम्ही. चौकशी तुमच्यावर नव्हती बसली."

तीन दिवस त्यांनी धीर धरला. गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर तक्ता उघडला. त्या तुकड्यावर 'काढून टाका' हा शब्द फिकट होता. दाबला तरी दाबला जाईना. माझ्याच भांडारात मलाच मनाई? फुंकररावाने डिस्कचे भाग पाडायला वापरलेला प्रोग्रॅम पडद्यावर तसाच राहिला होता. त्याने मात्र अडवलं नाही, फक्त विचारलं, खात्री आहे? बाईंनी हो म्हटलं. त्याने परत विचारलं. जे नोंदीत नाही ते भांडारात राहता कामा नये, हा बाईंचा नियम होता. त्यांनी परत हो म्हटलं. चिमुकला तुकडा गेला, तिथे राखाडी रिकामी जागा उरली. बाकी काहीच घडलं नाही. साठ्याच्या नोंदी जागच्या जागी होत्या. बाई निवांत मनाने घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ आली, आणि संगणक उठेना. शस्त्रक्रिया विभागाची मागणी खोळंबली, तसे अधीक्षक स्वतः खाली आले. फुंकररावाला बोलावणं गेलं. त्याने आपल्या सीडीवरून यंत्र चालू केलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"नोंदी सगळ्या शाबूत आहेत, साहेब. बूटचं पार्टिशन तेवढं नाही. यादीतून काढलंय."

"आपोआप गेलं?"

"नाही. हाताने काढावं लागतं. दोनदा विचारतं ते."

"सोमवारी ह्याला हात कुणी लावला होता?"

"मीच."

"झालं तर मग. इथे तुझ्याशिवाय कुणाला कळतं हे? आधी बिघडवायचं, मग नीट करून शाबासकी घ्यायची. उद्यापासून येऊ नकोस."

फुंकररावाने बाईंकडे पाहिलं. फार वेळ नाही, एकदाच. मग पडद्याकडे वळून त्याने शंभर एमबीचा भाग पुन्हा पाडला, यादीत चढवला, त्यात सुरुवातीच्या फाइली भरल्या. यंत्र उठलं. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच:

"मी साठा ताडून बघते."

शनिवार-रविवार त्यांना अन्न गोड लागलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी लेखी कबुली अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली आणि तिथून थेट फुंकररावाचं दुकान गाठलं.

"मी काढलं ते."

"ठाऊक आहे. प्रोग्रॅम वेळ लिहून ठेवतो. गुरुवार, सहा वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी घरी पोरीचा अभ्यास घेत होतो."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

तो एका यंत्राचं झाकण लावत होता. "तुम्ही समोरच होतात, ताई. म्हटलं, बोलतील."

कंत्राट आठवड्याभरात त्याला परत मिळालं. बाईंच्या सेवापुस्तकात ताशेरा बसला. चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हाही तो तिथेच होता. अधीक्षक बढती घेऊन दुसऱ्या इस्पितळात गेले. तिथेही कुणाला ना कुणाला धरत असतील. तो संगणक भंगारात गेला. नवऱ्याला आता ऐकू कमी येतं, पण बोलणं तेवढंच आहे.

फुंकरराव अजून कामं करतो, घरोघरी जातो. मागच्या महिन्यात बाईंच्या घरचा संगणक बंद पडला, तेव्हा तोच आला. केस पांढरे झालेत. नवरा म्हणाला, "चालू दे तुझं निवांत, आम्ही आत बसतो."

"नको काका," तो म्हणाला. "मी हल्ली एकट्याने कुठलंच मशीन उघडत नाही. कुणीतरी इथे बघत बसा."

बाईंनी खुर्ची आणली. त्याच्या शेजारी टेकल्या, आणि ज्याच्याशिवाय त्यांना पडद्यावरचं अक्षरही दिसत नाही तो चष्मा काढून मांडीवर ठेवला.