धाकटीची पायरी

एकाच घरातल्या दोन सुना एकाच मार्गावर बस चालवत होत्या आणि सासू दोघींत मिळून एकच. भांडायला आणखी काय लागतं?

पण भांडण झालं नव्हतं, तेच वाईट होतं. भांडलं की मनातलं वाहून जातं. थोरलीचं साचत राहिलं होतं. कितीतरी वर्षं तिची जुनी बस या शहराच्या अंगाखांद्यावर खडखडत फिरली. धाकटी कालपरवा नोकरीला लागली, आणि डेपोने तिच्या हाती विजेवरची कोरी करकरीत बस दिली. ना धूर, ना धडधड. आत गार वारा. आणि थांब्यावर उभी राहिली की दाराकडची बाजू हळूच खाली घेऊन पायरी थेट फूटपाथाशी भिडवायची, नवी सून वाकते तशी.

नवी बस धाकटीला गेली तर गेली, तेवढं थोरलीने गिळलं असतं. सलत होतं ते वेगळंच. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून त्या एक दिवसाआड दवाखान्यात व्यायामाला जात, आणि जात त्या थोरलीच्याच बसने. घराजवळच्या थांब्यावर थोरली गाडी उभी करी, स्वतः खाली उतरे, हात देऊन त्यांना वर घेई आणि आपल्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर बसवी. कुणी घाई केली तर म्हणे, "माझी आई चढतेय. तुमची चढेल तेव्हाही थांबेन." सगळी बस हसे. दागिना अंगावर मिरवावा तसा तो क्षण थोरली दिवसभर मिरवी.

नवी बस आली आणि सासूबाई थोरलीची गाडी सोडू लागल्या. थांब्याच्या बाकावर बसूनच हात हलवीत, तू हो पुढे, मी येते मागून. मागून म्हणजे कुणाकडे, ते सांगायला नको. आरशात त्या लहान लहान होत जात आणि थोरलीचा सल मोठा मोठा होत जाई.

त्यात सासूबाईंना गाणी रचायचा नाद. एका सकाळी भाजी निवडता निवडता त्या शेजारणीला ऐकवत होत्या:

थोरलीच्या हाताला गं, माया बाई दाट
धाकटीच्या पायरीची, गुडघा पाही वाट

शेजारीण खुदकन हसली. आत डबा भरणाऱ्या थोरलीच्या कानात मात्र एकच शब्द शिरला, धाकटी. तळपायाची आग मस्तकाला गेली. 'मागून येते' म्हणायला मागे कुणी असतं म्हणून यांचं फावतं, तिने मनाशी म्हटलं. आज दोन्ही गाड्या एकदम उभ्या करते. माझ्या तोंडावर निवडू देत.

मग बस घेऊन निघाल्यावर ती मुद्दाम रेंगाळली. बाजारातला रस्ता अरुंद, मागच्याला पुढे जाता येत नाही. प्रत्येक थांब्यावर ती दार उघडं ठेवून बसली. लांबून कुणी पिशवी सावरत येताना दिसला की त्याच्यासाठी थांबली, त्याच्या मागच्यासाठीही थांबली. लोकांना वाटलं, आज बाईंना पुण्य जोडायचंय. थोड्याच वेळात आरशात धाकटीची बस दिसली, पाठीला पाठ लागावी इतकी जवळ. थोरली गालात हसली.

पुढची गाडी रेंगाळली की सगळा गाव तिच्यात भरतो आणि मागची रिकामी पळते, हे ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात कळतं. मत्सराने तिला तेवढं विसरायला लावलं.

घराजवळच्या थांब्यावर दोन्ही गाड्या एकामागोमाग उभ्या राहिल्या. थोरली गर्दीतून वाट काढत खाली उतरली आणि तिने हात पुढे केला.

"चला आई."

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. पायरीवरच दोघे लटकलेले. आतून कुणीतरी म्हणालं, आजी, या, माझ्या डोक्यावर जागा आहे. मागे धाकटीची बस रिकामी, दार उघडून, वाकून उभी.

सासूबाईंनी थोरलीचा हात धरला, पण चढल्या नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझा हात मला आवडतो गं. पण तू वर ओढलंस की गुडघ्यात सुरी फिरते. इतके दिवस बोलले नाही. तुझा चेहरा केवढा फुलायचा तेव्हा."

हात सोडून त्या मागे गेल्या. त्यांच्यामागे थोरलीची अर्धी बसही उतरून गेली. धाकटीने खिडकीतून विचारलं, ताई, आज एवढा उशीर कशाने? थोरली म्हणाली, गर्दी होती.

परत चढताना तिने प्रथमच स्वतःच्या गाडीची पायरी पाहिली. फूटपाथापासून हातभर दूर. तिथून खाली रस्त्यावर उतरायचं आणि मग मांडीएवढं वर चढायचं. टायर कडेला घासले की वर्कशॉपवाले कावतात, म्हणून ती कायम असं अंतर राखून उभी राहायची. उतरून हात द्यायची, पण ते अंतर तिनेच ठेवलेलं होतं.

दोन दिवसांनी सासूबाई बाकावर बसलेल्या दिसल्या तेव्हा तिने गाडी कडेला घेतली, आणखी घेतली. टायर कर्रकन घासला. पायरी फूटपाथाच्या दगडाशी टेकली. तिने दार उघडलं. सासूबाईंनी मान वळवून मागचा रस्ता पाहिला. मग पायरी पाहिली. उठल्या, दांडी धरली, दगडावरून एक पाऊल उचललं आणि आत आल्या. पहिल्या सीटवर टेकून म्हणाल्या, "चल. उशीर नको."

सवयीने अर्धवट उठलेली थोरली तशीच राहिली, हात पुढे केलेला. तो तिने परत गिअरवर ठेवला. गाडी निघताना तिने आरशात थांब्याकडे पाहिलं. धाकटी अजून दिसत नव्हती. दिसत होता तो फूटपाथाचा दगड, काळपट, कडा झिजलेला, सासूबाईंना वर चढवून मोकळा झालेला. थोरलीला आता त्याचाच हेवा वाटत होता.