जुळ्या जनुकांचा गहू

मित्रांनो, मी गव्हाचा एक जुना दाणा आहे. आता सुरकुतलो आहे, पण एके काळी माझे वाण शिवारभर डोलत असे. वाऱ्याची झुळूक आली की आम्ही सारी भावंडे एकदम वाकायचो. ते दिवस आठवले की अजून अंग उबदार होते.

पुढे भरघोस पिकणारे नवे वाण आले आणि आम्ही मूठभर दाणे बियाणे-केंद्राच्या थंड खोलीत, एका बाटलीत जाऊन बसलो. वर्षे सरली. एकदा कोठीवाले काका बाटली हातात धरून म्हणाले, "बाई, हिला आता कोण विचारतंय? नव्यांना जागा पुरत नाही."

"राहू द्या हो काका. कोपऱ्यात पडून असते, काय खातेय ती?" संशोधक बाई म्हणाल्या. काकांनी हसून बाटली परत ठेवली.

मग नव्या गव्हावर तांबेरा रोग पडला. पानेच्या पाने गंजली. बाईंनी त्या गव्हाची जनुके तपासली. आम्हा गव्हांत काही जनुके जुळी असतात. फार पूर्वी एकाची दोन झालेली. त्यांतले एक जुनेच काम करत राहते, दुसरे हळूहळू नवे काही शिकते. आमच्या घराण्यात अशा एका जोडीतले दुसरे जनुक तांबेरा ओळखायला शिकले होते. पण जनुकाचा धागा कधी तुटतो. तेव्हा पेशी शेजारच्या जुळ्याचे बघून तुटलेला भाग पुन्हा लिहिते. आमच्याच वंशातल्या नव्या वाणात तसेच झाले होते. धागा सांधला गेला, पण जुनेच काम करणाऱ्या जुळ्याची नक्कल उतरल्याने शिकलेले पुसले गेले.

बाई धावत कोठीत आल्या. "काका, ती बाटली?"

"आहे की. तुम्हीच ठेवायला लावली होती."

बाईंनी आम्हाला ओल्या कागदावर निजवले. रोज सकाळी त्या वाकून पाहत. अखेर तिघांना मोड आले. त्यांची रोपे तांबेऱ्यातही हिरवीगार राहिली. आता नव्या गव्हाशी त्यांचा संकर करतात.

मला मोड आला नाही. बाईंनी मला तळहातावर घेतले आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे यायला आम्हाला उशीर झाला रे."

मित्रांनो, जुने बियाणे जरूर जपा. पण नुसते बाटलीत नका ठेवू. त्याच्यात जीव आहे तोवर अधूनमधून त्याला मातीत जाऊ द्या.