मानाचा खांदेकरी

नेब्रास्कातल्या त्या टीचभर गावात कुणीही वारलं, की शवपेटीला पुढून खांदा द्यायला व्हर्लिन आणि एल्डन ठरलेलेच. जन्मभर धान्याच्या कोठारात पोती उचललेल्या गड्यांना पेटीचं काय ओझं. "जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने न्यायचं," असं दोघे बिअर पिताना म्हणायचे.

बायको गेल्यावर व्हर्लिन टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत बसला तो बसलाच. जेवण तिथंच, झोप तिथंच. अंग सुटलं, गुडघे बोलायला लागले. एल्डन मात्र रोज सकाळी फिरायला निघाला की खिडकीवर टकटक करायचा. "ऊठ की रे ढोल्या, रवंथ करणारी गुरंसुद्धा अधूनमधून उठतात." व्हर्लिन आतूनच हात हलवायचा.

आणि असा हा चालता-फिरता एल्डन काल अंगणात कोसळला तो उठलाच नाही. आज त्याच्या मुलाचा, कर्टचा, फोन आला.

"काका, तुमचं नाव मानाच्या खांदेकऱ्यांत घातलंय. पेटी उचलायला पोरं आहेत, तुम्ही नुसतं पुढच्या बाकावर बसायचं."

"मी उचलणार होतो," व्हर्लिन म्हणाला.

"बाबांनीच मागे सांगून ठेवलं होतं, काका. म्हणाले, त्याला उठवू नका."

व्हर्लिनने फोन ठेवला. रडू येईल म्हणून तो थोडा वेळ थांबला, पण ते आलं नाही. चर्चचे बाक फार टणक असतात, घरून उशी न्यायला हवी, एवढंच त्याच्या मनात आलं.